मोजणी

पस्तीस वर्षांपूर्वीचा नकाशा धरून मी उभा होतो
आणि जिथे माझे पाय होते
तिथे कागदावर निळी रेघ होती.

पायांखाली वाळू.
वाळूत पाणघोड्याच्या पावलांचे ठसे,
ठशाठशात वाटीभर पाणी,
आणि त्या पाण्याला सोंडा लावून बसलेली
पिवळी फुलपाखरं.

"नदी कुठे गेली?"
होडीतलं पाणी डब्याने उपसता उपसता
येलेसानी म्हातारा म्हणाला, "फिरायला."

मग त्याने आपलं शेत दाखवलं,
समोरच्या तीरावर, दुसऱ्या सरदाराच्या हद्दीत.
"मी हललो नाही. तेच उठून पलीकडे गेलं."
झोपडी तीनदा मागे घेतली त्याने.
चौथ्यांदा सून म्वानिडा म्हणाली,
आता दारच नको नदीकडे.
तर नदी परसातून आली.

माझ्या भाषेत सांगतात,
नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये.
लुआंग्वाच्या खोऱ्यात मूळ राहू दे,
काल काठ कुठे होता
हेही विचारू नये.

बाहेरच्या वळणावर ती खाते,
आतल्या वळणावर थुंकते
(हे येलेसानीचे शब्द, अहवालात मी वेगळे लिहिले).
खाल्लं तिथे मातीचा कडा उभा,
थुंकली तिथे वाळूवर बोटभर म्सांगूची रोपं.
त्या रोपांची झाडं होतात, झाडांना शेंगा,
आणि कडक उन्हाळ्यात हत्ती येऊन
खोडाला कपाळ लावतात, हलवतात.
शेंगा पडतात टपटप
नदीच्या एका जुन्या पोटात.

जे वळण ती विसरली, त्याचा तलाव झालाय.
वर हिरवी पाणकोबी, खाली मांगूर,
काठच्या झाडांवर करकोच्यांच्या पिल्लांचा
दिवसभर कलकलाट,
आणि खाली मगर, तोंड उघडं ठेवून,
घरट्यातून कोण घसरतंय याची वाट बघत.
विसरण्यातूनही इतकी तोंडं भरतात.

मला पाठवलं होतं काठ बांधायला.
दगड, जाळी, सिमेंट, आठशे मीटर.
मी कड्यावर लाल खुंटी ठोकली,
आणि खुंटीखालच्या मातीतून
एक लाल चोच बाहेर आली.

वेडे राघू! आमच्याकडे हिरवे, तारेवर चारदोन.
इथे गुलालासारखे लाल, हजारांनी,
अख्ख्या कड्याला बिळं, अख्खा कडा बोलतोय.
"जुन्या भिंतीत किडे होतात," येलेसानी म्हणाला,
"यांना दरसाल नवी भिंत लागते."
कोण बांधतं, मी विचारलं.
सवयच ती, माझ्या धंद्याची.
"बांधतं कुठे? पाडतं.
पूर येतो, काठ पाडतो, भिंत कोरी होते."

मग म्हातारा गप्प झाला.
त्याच्या शेताची मातीही
त्याच पुरात गेली होती.
राघवांसाठी म्हणून त्याने ती दिली नव्हती.
ते त्याने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

रात्री तंबूत नवी निळी रेघ काढली
आणि शेजारी तारीख घातली,
दुधाच्या पिशवीवर असते तशी.
"काठ बांधू नये" असं लिहिलं.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
बाहेर पाणघोडे गवत ओरबाडत होते,
आणि अधूनमधून, लांबून,
काठाचा एक तुकडा पाण्यात पडल्याचा
धप्प आवाज.

मे महिन्यात म्वानिडाचा फोन आला.
तुमची खुंटी गेली.
सासऱ्यांचं शेत थोडं अलीकडे आलंय,
निम्मं तरी. नुसती वाळूच आहे म्हणा.
भोपळा लावलाय.
माकडं ठेवतील असं वाटत नाही.